वाडा, गड आणि दप्तर

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी काही घराण्यांची माहिती छापली जाते. ती वाचताना एक गोष्ट सहज ध्यानात येते. बहुतेक प्रत्येक घराण्याचा मूळपुरुष शूर असतो, त्याने कोठल्या ना कोठल्या गडावर तलवार गाजविलेली असते आणि त्याबद्दल त्यास वतन मिळालेले असते. पुढे इंग्रजी अमलात वतनास उतरती कळा लागते व मंडळी नोकरीनिमित्त मुंबई-पुण्याकडे येतात. निरनिराळ्या गावच्या, निरनिराळ्या आडनावांच्या घराण्यांची हकीकत इतकी एकसारखी कशी, असा प्रश्न प्रस्तुत लेखकास अनेक वर्षे पडत आला आहे. विचारांती असे वाटते की, ही हकीकत पुष्कळ अंशी आपण पुस्तकांतून उचललेली आहे. म्हणून या लेखात कोणा एका घराण्याचा इतिहास न सांगता, जुनी वतने, गडकोटांवरील साहसे आणि इंग्रजी राज्यातील समाज यांविषयी जी मराठी पुस्तके आपल्या घराघरांतून वाचली गेली, त्यांचा थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम गडांची पुस्तके घेऊ, कारण तीच अधिक वाचली गेली. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ‘मोचनगड’ हिचे नाव घेतात. ती रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांनी १८७१ साली लिहिली. हे गृहस्थ १८६७ साली निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकाचे आद्य संपादक होत. त्यापूर्वी आपल्याकडे कादंबरी म्हणजे लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य गोष्टी. त्यांतील राजे-राजकन्या कोणत्या देशच्या, कोणत्या काळच्या, हे विचारण्याची सोय नव्हती. गुंजीकरांनी वाचकास शिवकालात व सह्याद्रीत आणून उभे केले, ही त्यांची मोठी कामगिरी.

इंग्रजी शाळांत शिकलेल्या पिढीस स्कॉटच्या कादंबऱ्या ठाऊक झाल्या होत्या. शिवाय आपल्याच मुलखावर इंग्रजांनी लिहिलेली पुस्तकेही तिच्या हाती होती. निजामाच्या नोकरीत राहिलेले मेडोज टेलर यांनी ‘तारा’ ही शिवकालावरील कादंबरी १८६३ साली इंग्रजीत प्रसिद्ध केली. हरि नारायण आपटे यांची पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘म्हैसूरचा वाघ’ ही याच टेलरसाहेबांच्या टिपूवरील कादंबरीच्या आधारे लिहिलेली आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांकडे कादंबरीच्या दृष्टीने पाहावयास आपण काही अंशी परक्याच्या चष्म्यातून शिकलो. त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. पुढे हरिभाऊंनी ‘उषःकाल’ लिहून ती दृष्टी पूर्णपणे आपली केली.

‘उषःकाल’ १८९५ ते १८९७ या काळात झाली. विजापूर दरबाराशी इमान राखणारा वृद्ध किल्लेदार पिता आणि स्वराज्याच्या कल्पनेने भारलेला पुत्र यांचा झगडा हा तिचा गाभा होय. त्यानंतर ‘गड आला पण सिंह गेला’, ‘सूर्योदय’, विजयनगरच्या नाशावरील ‘वज्राघात’ अशी मालिकाच झाली. हरिभाऊंच्या मागून नाथमाधव आले. त्यांचे खरे नाव द्वारकानाथ माधव पितळे. तरुणपणी शिकारीस गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून पडून ते कमरेखाली कायमचे अधू झाले, आणि अंथरुणाला खिळलेल्या त्या माणसाने स्वराज्यावरील कादंबऱ्यांची मालिका लिहून सबंध महाराष्ट्रास गडकोट चढावयास लावले. पुढे वि. वा. हडप यांची ‘कादंबरीमय पेशवाई’ निघाली, आणि १९६२ साली रणजित देसाई यांची ‘स्वामी’ आली. वाचनालयातील या पुस्तकांच्या प्रती हाताळून हाताळून कशा खिळखिळ्या होत, हे ज्यांनी गावच्या वाचनालयाची कपाटे पाहिली आहेत त्यांस सांगावयास नको.

या पुस्तकांनी आपले फार मोठे हित केले. पारतंत्र्याच्या काळात ज्या समाजास मान खाली घालून वावरावे लागत होते, त्यास ताठ उभे राहण्याचे बळ त्यांनी दिले. परंतु त्यांनी एक सवयही लावली. कादंबरीत स्वराज्याच्या बाजूस उभा राहणारा तेवढा आपला, आणि पलीकडचा तो परका किंवा फितूर, अशी वाटणी बरीच स्वच्छ असते. आपण आपला मूळपुरुष शोधू लागलो म्हणजे तो आपोआप पहिल्या रांगेत जाऊन बसतो. खरे कागद काय सांगतात, हे पाहण्यासाठी एकच उदाहरण थोडे विस्ताराने देतो.

भोरजवळील कारी गावचे कान्होजी जेधे हे रोहिडखोऱ्याचे देशमुख. १६५९ साली अफजलखान स्वारीवर निघाला, तेव्हा मावळातील देशमुखांस विजापूरची फर्माने आली. कान्होजींस आलेले फर्मान त्या वर्षीच्या १६ जूनचे आहे. खानास मिळा, नाही तर परिणाम भोगा, असा त्याचा रोख. ते फर्मान घेऊन कान्होजी आपल्या पाच पुत्रांसह शिवाजी महाराजांकडे गेले. तुमचे वतन धोक्यात आहे, मग तुम्ही काय करणार, असे महाराजांनी विचारताच कान्होजींनी वतनावर पाणी सोडले, असे ‘जेधे करीना’ या त्या घराण्याच्याच जुन्या लेखात नमूद आहे. महाराजांनी त्यांची बायकामुले सुरक्षिततेसाठी तळेगाव ढमढेरे येथे पाठविण्याची व्यवस्था केली. येथवर सारे कादंबरीसारखेच आहे.

पण त्याच खोऱ्यात उत्रवळीचे खंडोजी खोपडे होते. तेही देशमुख, तेही शूर, त्यांस तेच फर्मान. ते खानास जाऊन मिळाले, कारण शेजाऱ्याच्या हातचे वतन आपल्याकडे यावे ही आशा. खानाचा वध झाल्यावर खोपडे लपून राहिले. अखेरीस त्यांच्या जावयाने कान्होजींचेच पाय धरले आणि कान्होजींनी महाराजांपाशी रदबदली केली. त्यामुळे जीव वाचला, परंतु महाराजांनी उजवा हात व डावा पाय तोडण्याची शिक्षा केली. एक खोरे, एकच हुद्दा, एकच फर्मान, आणि दोन देशमुख दोन वाटांनी गेले. शिवाय ज्याने वतन सोडले त्यानेच ज्याने वतनासाठी धनी सोडला त्याचे प्राण मागितले. कोणा कादंबरीकारास असा प्रसंग सुचला असता, तर वाचकाने त्यावर अतिशयोक्तीचा आरोप केला असता.

याच जेधे घराण्याच्या दप्तरात एक लहानशी शकावली होती, म्हणजे शकवार घडामोडींची टिपणे. सुमारे ऐंशी वर्षांच्या नोंदी, एकेका वर्षास दोन-चार ओळी. घराण्यातील वंशजांनी ती लोकमान्य टिळकांच्या हाती दिली आणि १९१६ साली ती प्रसिद्ध झाली. तोवर शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ सालचा समजला जात असे. शकावलीत तो फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० असा निघाला. पुढे इतर पुरावेही तिच्या बाजूने मिळाले आणि महाराष्ट्र शासनाने हीच तारीख स्वीकारली. एका वतनदार घराने जपून ठेवलेल्या चार कागदांनी सबंध राष्ट्राच्या इतिहासातील आरंभीची तारीख बदलली. आपल्या माळ्यावरील बासनात काय आहे हे न पाहता ते रद्दीत देणाऱ्या गृहस्थाने ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी.

आता वतन म्हणजे काय, हे नव्या पिढीस थोडे सांगितले पाहिजे. परगण्यावर देशमुख-देशपांडे, गावावर पाटील-कुळकर्णी, कोकणात खोत, अशी ही व्यवस्था. जमीन हा तिचा एक भाग. तिच्याबरोबर गावाकडून मिळावयाचे हक्क, मानपान आणि सरकारचे काम करण्याची जबाबदारी ही सर्व मिळून वतन होई. सत्ता बदलली तरी वतनदार तसाच राही. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त या वतनदारांविषयी मोठ्या सावधपणे लिहिले आहे. हे लोक राज्याचे वाटेकरीच होत, त्यांस फार वाढू देऊ नये आणि मोडूही नये, असा त्यांचा आशय आहे. आपल्या पूर्वजांविषयी त्या काळच्या राज्यकर्त्यांचे मत काय होते, हे कळण्यास यापरते अधिकारी पुस्तक नाही.

वतनाचे तंटे पिढ्यान् पिढ्या चालत. निवाड्यासाठी गोतसभा बसे, शेजारच्या गावांतील मंडळी बोलावीत, आणि जे ठरे त्याचा महजर होई. महजराच्या शेवटी ज्याच्या त्याच्या धंद्याची निशाणी असे. पाटलाचा नांगर, कुळकर्ण्याची लेखणी, न्हाव्याचा आरसा, वाण्याचा तराजू. पुरावा नसेल तर दिव्य करावे लागे. कढत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा, हात पिशवीत बांधून वर मोहर करावयाची आणि ठरल्या दिवशी उघडून पाहावयाचे. हे सारे कशासाठी, तर पुष्कळदा पोळ्याच्या दिवशी कोणाचा बैल पुढे चालावा, होळीत पहिली पोळी कोणाची पडावी, विडा प्रथम कोणास द्यावा, याच्यासाठी. मूळपुरुष लढाईत कामास आला अशी ज्यांच्याकडे परंपरा, अशा एका घरचे कागद पाहण्याचा योग मला आला होता. त्यांत लढाईचे अक्षरही नव्हते. तीन पिढ्यांचे भांडण होते, आणि ते विड्याच्या मानावरून! घरच्या मंडळींचा हिरमोड झाला. मला मात्र ते कागद फार मोलाचे वाटले.

या व्यवस्थेचे आतून वर्णन करणारे उत्तम पुस्तक म्हणजे त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गांव-गाडा’ (१९१५). आत्रे मुलकी खात्यात होते, खेडी त्यांनी पायी पाहिली होती. वतनदार, बलुतेदार आणि फिरस्ते या साऱ्यांचा भार अखेर कुणब्याच्या पाठीवर कसा येतो, हे त्यांनी खुलासेवार दाखविले आहे. त्याआधी १८८३ साली जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून कुळकर्णी, सावकार आणि सरकारी अंमलदार यांच्या कचाट्यात सापडलेल्या शेतकऱ्याची बाजू मांडली होती. जुन्या वतनदारांच्या वाड्यांतून या पुस्तकास सहसा जागा मिळाली नाही. वाड्याच्या ओटीवरून जे दिसत नव्हते, तेच त्यात लिहिलेले होते.

इंग्रजी अमलाचा आरंभ वतनदारांस फार जड गेला. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने सनदा मागावयास सुरुवात केली. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा कागद कोणाचा वाळवीने खाल्लेला, कोणाचा आगीत गेलेला. ज्यास दाखविता आला नाही त्याचे इनाम गेले. दक्षिण महाराष्ट्रात याने मोठा असंतोष माजला. मराठी माणसास जुना कागद जपण्याची जी धास्तीवजा सवय लागली, तिच्या मुळाशी हे कमिशनही असावे असे मला वाटते.

या काळावर आपल्या भाषेत एक अपूर्व पुस्तक आहे, ते विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. गोडसे हे कुलाबा जिल्ह्यातील वरसईचे भिक्षुक ब्राह्मण. घरास कर्ज झालेले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा मिळेल, या आशेने १८५७ साली ते काकांसह उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीस वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. तोफांचे गोळे, लूट, कत्तल हे सर्व त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि जे मिळविले होते ते वाटेत लुटले गेले. घरी परत आले ते गंगेची कावड घेऊन, आईबापांस स्नान घालण्यासाठी. यात शौर्याचा आव कोठेही नाही. भीती वाटली तेथे भीती वाटली म्हणून सांगितले आहे, भूक लागली तेथे भूक. सत्तावन्नच्या धामधुमीचे एका साध्या मराठी माणसाने लिहिलेले असे दुसरे वर्णन माझ्या वाचनात नाही.

या पुस्तकाचे पुढे जे झाले तेही आपल्या विषयास लागू आहे. चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली ते छापले, तेव्हा गोडसे हयात नव्हते. छापताना वैद्यांनी भाषा बदलली आणि काही मजकूर गाळला. राज्य इंग्रजांचे होते, त्यामुळे त्यांची अडचण समजण्याजोगी आहे. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा गोडसे भटजींचा खरा आवाज साठ वर्षांनी ऐकू आला. कागद टिकला होता म्हणूनच हे शक्य झाले.

इंग्रजी काळातील समाजाची दुसरी बाजू वाड्याच्या माजघरातील होय. तिच्यावरची पुस्तके घराण्यांच्या इतिहासात कोणी धरीत नाही, हे मला योग्य वाटत नाही. १८५७ सालीच बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ निघाले. लेखक ख्रिस्ती झालेले, त्यामुळे पुस्तकाचा शेवट आपल्यापैकी अनेकांस पटणार नाही. परंतु गावोगाव फिरणाऱ्या यमुनेस ज्या विधवा भेटतात, त्यांच्या कहाण्या खोट्या म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नाही. हरिभाऊंनी १८९० ते १८९३ या काळात ‘करमणूक’ पत्रातून ‘पण लक्षांत कोण घेतो?’ लिहिली. तिचीही नायिका यमुनाच. पतीच्या निधनानंतर घरच्याच वडीलधाऱ्या माणसाने जबरदस्तीने तिचे केशवपन करविले, तो भाग आजही वाचवत नाही. ज्या लेखणीने ‘उषःकाल’ लिहिला तिनेच हे लिहिले. आपल्या घराण्यांच्या वंशावळींत पुरुषांची दहा-बारा पिढ्यांची नावे सापडतात आणि त्यांच्या आया-बायकांपैकी बहुतेकींचा ठावठिकाणाही नसतो. त्या कोठे होत्या, याचे उत्तर महजरांत क्वचित मिळेल. या दोन पुस्तकांत ते आहे.

येथे लोकहितवादींचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. गोपाळ हरि देशमुख यांच्या घराण्याचे मूळ आडनाव सिद्धये. देशमुखीच्या वतनावरून ते देशमुख झाले. वडील बापू गोखल्यांचे फडणीस. अशा घरात वाढलेल्या या गृहस्थाने १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात शतपत्रे लिहून आपल्याच वर्गाच्या आळसावर आणि जुन्या मोठेपणावर असे कोरडे ओढले की, वाचणारा अजूनही चपापतो.

राहता राहिला वतनांचा शेवट. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१८ साली कुळकर्णी वतने बंद करून तलाठी नेमले. कोकणात अलिबाग तालुक्यातील चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून सहा वर्षे संप केला आणि खोतांच्या जमिनी पडीक ठेवल्या; उपाशी राहिले, पण शेत पेरले नाही. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती बंद करण्याचे बिल आणले. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली खोती गेली, १९५० च्या कायद्याने परगणा व कुळकर्णी वतने गेली, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली. ज्यांची वतने गेली त्यांच्या घरी या कायद्यांविषयी कडवट बोलणे पुष्कळ वर्षे चालले. तो कडवटपणा मी समजू शकतो. तथापि चरीच्या कुळाची बाजू ऐकल्यावर तो पूर्वीसारखा उरत नाही.

या शेवटावर खरी थोर कादंबरी लिहिली ती श्री. ना. पेंडसे यांनी. मूळचे दापोली तालुक्यातील मुर्डीचे. त्यांची ‘तुंबाडचे खोत’ १९८७ साली दोन खंडांत निघाली. जगबुडी नदीच्या काठचे तुंबाड, तेथील खोतांचा वाडा आणि त्या घरातील पिढ्या, त्यांची रग, त्यांची पापे, त्यांचे औदार्य आणि त्यांची घसरण, हे सारे तीत आहे. पेंडशांनी खोतांस देव केले नाही, दैत्यही केले नाही. आमच्या पिढीतील कोकणातल्या पुष्कळ वाचकांस ती वाचताना आपल्याच आजोबांची चर्या आठवली असेल. ‘गांव-गाडा’ आणि ‘तुंबाडचे खोत’ ही दोन्ही जवळजवळ ठेवून वाचावीत, असे मी अनेकांस सांगत असतो. पहिल्याने व्यवस्था कळते, दुसऱ्याने माणसे.

हे सर्व लिहिण्याचे निमित्त असे की, आज गावोगावचे वाडे उतरविले जात आहेत. वाटण्या होतात, सागवानी खांब विकले जातात, तांब्यापितळेची भांडी वाटून घेतली जातात, आणि मोडी कागदांचे रुमाल कोणासच नको असतात, कारण ते वाचता येत नाहीत. मिरजेच्या शाळेतील संस्कृतचे शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ १८९७ पासून स्वतः पदरमोड करून काढावयास प्रारंभ केला, आणि १९२४ साली त्यांचे निधन होईतो बारा खंड प्रसिद्ध केले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड काढला, तोही पानिपतच्या काळातील असेच घरगुती कागद मिळाल्यावरून. या दोघांनी घरोघर हिंडून जे मागितले, ते आज न मागता टाकून दिले जात आहे.

ज्या सभासदांच्या घरी असे रुमाल असतील त्यांनी पुढील काळजी घ्यावी. रुमाल सोडताना कागदांचा क्रम मोडू नये, कारण कोणता कागद कोणत्या कागदालगत होता यावरूनही पुष्कळ कळते. चिकटपट्टी लावू नये, उन्हात पसरू नये. गुंडाळलेल्या लांब पट्ट्या कापून सरळ करू नयेत. बरोबर एका चिठ्ठीवर गाव, वाडा आणि कोणत्या खोलीत सापडले तेवढे लिहून ठेवावे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आणि धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून असे कागद जतन करीत आली आहेत. मोडी शिकण्याची ज्यांस इच्छा असेल त्यांनी प्रथम आपल्याच घरचा एखादा सोपा हिशेबाचा कागद घ्यावा. त्यातील आकडे आणि महिन्यांची नावे ओळखीची असतात, आणि एकदा अक्षरवळण बसले म्हणजे पत्रे वाचावयास फार दिवस लागत नाहीत.